मखमली अँथुरियम धाराशिवात: रोप स्वस्त, दमट हवा अवघड

अँथुरियम क्लॅरिनर्व्हियम हे मूळचं मेक्सिकोच्या चियापास भागातलं. तिथे ते चुनखडीच्या खडकांत, दमट सावलीत वाढतं. हृदयाच्या आकाराची गडद हिरवी मखमली पानं आणि त्यांवर पांढऱ्या शिरांची जाळी, एवढ्यासाठीच लोक ते घेतात. दोन-तीन पानांचं रोप साधारण ६०० ते १५०० रुपयांना मिळतं. सगळेच आकडे ढोबळ धरा, दुकानागणिक फरक पडतो.

पण धाराशिव, तुळजापूर किंवा उमरग्यात हे झाड ठेवायचं, तर खरी अडचण रोपाच्या किमतीची नाही, दमट हवेची आहे. त्याला ६० टक्क्यांच्या वर आर्द्रता मानवते. आपल्याकडे एप्रिल-मेच्या दुपारी पारा चाळिशीपार जातो आणि हवा पार कोरडी होते. अशा हवेत नवं पान उलगडतानाच अडकतं आणि फाटतं.

दुकानदार यावर ह्युमिडिफायर सुचवतात. किंमत १५०० ते ३००० रुपये. माझं स्पष्ट मत आहे, घेऊ नका. पाच इंची कुंडीतलं झाड आठवड्याला जेमतेम लिटरभर पाणी पितं. हे यंत्र दहा तास चाललं की दिवसाला तीन लिटर सहज उडवतं. उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या जिल्ह्यात हा हिशोब बसत नाही. त्याऐवजी झाकणाचा मोठा पारदर्शक प्लास्टिकचा डबा घ्या, ३०० ते ५०० रुपयांत मिळतो. तळाशी ओले खडे पसरा, त्यांवर कुंडी ठेवा आणि झाकण रोज थोडा वेळ उघडा. आतली आर्द्रता दिवसभर टिकते. डबा उन्हात मात्र ठेवू नका, आत भट्टी होते. झाड मोठं होऊन डब्यात मावेनासं झालं, तर कूलर चालतो त्या खोलीत हलवा, फक्त थेट झोतात नको. आर्द्रतामापक ३०० रुपयांच्या आसपास येतो, तो जरूर घ्या.

काळी माती या कुंडीत चिमूटभरही नको. ती पाणी धरून ठेवते आणि मुळं कुजतात. नारळाच्या सोडणाचे तुकडे, परलाइट, लोणारी कोळशाचे बारीक खडे आणि मूठभर गांडूळखत, कुंडीसह सगळं ४०० रुपयांत बसतं. बोअरचं पाणी सतत घातलं की मिश्रणावर आणि कुंडीच्या काठाला क्षारांचा पांढरा थर चढतो. चुनखडीतलं झाड म्हणून ते थोडं सोसेल, पण आरओचं पाणी बरं. २० लिटरचा जार २० ते ३० रुपयांत येतो आणि चार-पाच महिने पुरतो. पावसाळ्यात गच्चीवरचं पावसाचं पाणी धरलंत, तर आरओच्या पाण्याचीही गरज नाही.

खोलीत उजेड कमी असेल, तर २० वॅटचा एलईडी दिवा लागतो, ६०० रुपयांच्या आत. रोज दहा तास लावला की महिन्याला ६ युनिट वीज, म्हणजे ५०-६० रुपये. उत्तरेची किंवा पूर्वेची खिडकी असेल, तर हा खर्च वाचतो.

म्हणजे १००० चं रोप धरलं, तर डबा, कुंडी, मापक आणि २०० रुपये कुरिअर मिळून दिव्याशिवाय २३०० च्या आसपास जातात.

कोरड्या दिवसांत लाल कोळी लागतो. पानाच्या खालच्या बाजूला बारीक ठिपके आणि जाळी दिसली की लिटरभर पाण्यात ५ मिलि कडुनिंबाचं तेल आणि साबणाचे दोन थेंब घालून संध्याकाळी फवारा. फडकं घासू नका, मखमल जाते. झाड अळूच्याच कुळातलं आहे. पान चघळलं तर तोंडाची आग होते, म्हणून लहान मुलांच्या आणि मांजरांच्या हाती लागू देऊ नका.

खरेदी जुलै ते सप्टेंबरमध्ये करा. पुणे-सोलापूर रस्त्यावर उरुळी कांचन परिसरात रोपवाटिका आहेत. निघण्याआधी फोन करून रोप आहे का ते विचारा. कुरिअरने मागवायचं, तर पैसे भरण्याआधी मुळांचा फोटो मागा आणि रोप जिवंत पोचण्याची हमी लेखी घ्या. खोकं उघडताना व्हिडिओ काढा, नाहीतर भरपाई मागणं अवघड जातं. उन्हाळ्यात कितीही सूट असली तरी मागवू नका: तापलेल्या गाडीत तीन-चार दिवस काढलेलं रोप घरी येईपर्यंत शिजलेलं असतं.