केस उडेपर्यंत चाटणारं मांजर: आधी अंग, मग घर, मग मन

सोसायटीच्या पार्किंगमधून किंवा बाजारातून उचलून आणलेलं मांजर घरात थोडं स्थिरावतं आणि मग पोटावरचे, मांड्यांच्या आतल्या बाजूचे केस चाटून चाटून उडवायला लागतं. घरातले लगेच म्हणतात, 'टेन्शन घेतलंय त्याने.' असेलही, पण उपायाची सुरुवात तिथून करू नका. मानसिक कारणाने केस गेले असं धरून चाललेल्या २१ मांजरांच्या कसून तपासण्या केल्याचा एक अभ्यास २००६ साली अमेरिकेतल्या पशुवैद्यकांच्या नियतकालिकात आला. त्यातल्या १६ मांजरांत शारीरिक कारण सापडलं, तिघांत शारीरिक आणि मानसिक दोन्ही, आणि निव्वळ मानसिक कारण फक्त दोघांत. म्हणजे ज्याला आपण भित्रं, चिंताग्रस्त म्हणतो, त्याला बहुतेक वेळा खाज सुटलेली असते किंवा कुठेतरी दुखत असतं. ते तपासायच्या आत त्याला समजावत बसणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

पहिलं काम घरीच करा. मांजर निवांत असताना विरळ झालेल्या जागेवरून बोट उलट्या दिशेने फिरवा. खुंट टोचले तर केस मुळापासून गळलेले नाहीत, चाटून तुटलेले आहेत. बरीच मांजरं माणसांसमोर चाटत नाहीत, त्यामुळे 'आम्हाला तर कधी दिसलं नाही' याला अर्थ नाही. मग बारीक दातांची फणी शेपटीच्या बुडापासून पाठीवर फिरवा आणि निघालेली काळी कणी ओल्या पांढऱ्या कागदावर झटका. तिच्याभोवती तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजेच पचलेलं रक्त. काही सापडलं नाही तरी पिसवा नाहीत असं समजू नका, कारण इतकं चाटणारं मांजर त्या गिळून टाकतं.

चाटण्याची जागा आणि वेळही वहीत टिपून ठेवा. कंबर आणि शेपटीचं बूड असेल तर आधी पिसवांचा संशय घ्यावा. डोकं, मान, कान खाजवत असेल आणि कानात कॉफीच्या चोथ्यासारखा मळ असेल तर कानातले किडे. ओटीपोटच चाटत असेल तर मूत्राशयाचा दाह असू शकतो. बोका पुन्हा पुन्हा ट्रेमध्ये बसतोय, जोर करतोय आणि लघवी होत नाहीये, असं दिसलं तर बाकी सगळं सोडून त्याच घटकेला डॉक्टर गाठा. मूत्रमार्ग तुंबलेला बोका एक-दोन दिवसांत दगावू शकतो.

आता डॉक्टरांकडे. वही आणि फोटो बरोबर न्या. बुरशीची, म्हणजे गजकर्णाची तपासणी करायला सांगा, कारण ते माणसांनाही होतं आणि घरातल्या लहान मुलांना आधी होतं. पिसवांवरचं औषध मांजरासाठीच बनवलेलं आणि वजनानुसार दिलेलं हवं. कुत्र्याच्या मानेवर टाकायचं, पर्मेथ्रिन असलेलं औषध मांजराला टाकलं तर त्याला झटके येतात आणि जीव जाऊ शकतो. औषध घरातल्या सगळ्या प्राण्यांना, दर महिन्याला, निदान तीन महिने द्यावं लागतं. पिसवांचे कोष फरशीच्या फटीत आणि गादीच्या शिवणीत आठवडेच्या आठवडे तग धरतात, आणि पावसाळ्यातली दमट हवा त्यांना मानवते. म्हणून अंथरुणं गरम पाण्यात धुवा, सोफ्याखालून व्हॅक्यूम फिरवा.

घरगुती उपायांबद्दल मी कडक आहे. कडुनिंबाचं तेल, कापूर, सुगंधी तेलं यांतलं काहीही मांजराच्या अंगाला लावू नका. अंगाला लावलेलं सगळं ते चाटून पोटात घेतं, आणि आपलं यकृत सहज पचवतं अशी कितीतरी रसायनं मांजराच्या यकृताला पचत नाहीत. फिनेल आणि पाण्यात टाकल्यावर दुधाळ होणारी जंतुनाशकं याच कारणाने फरशीवरही नकोत. दुखतंय म्हणून पॅरासिटामॉल तर कधीच नाही. अर्धी गोळीसुद्धा त्याचा जीव घेऊ शकते.

अन्नाची ॲलर्जी वाटली तर डॉक्टर ठरावीक आहार निदान आठ आठवडे देतात. या काळात ताटातला माशाचा तुकडा, बशीभर दूध, शेजारच्या आजींनी प्रेमाने दिलेलं बिस्कीट, सगळं बंद. एका घासाने चाचणी वाया जाते. आजींना आधीच सांगून ठेवा, म्हणजे त्यांना वाईट वाटणार नाही.

अंगाचं कारण सापडो न सापडो, घराची मांडणी सोबतच सुरू करा. नव्या मांजराला सगळं घर एकदम देऊ नका. एक खोली द्या. तिच्या एका कोपऱ्यात वाळूचा ट्रे, विरुद्ध कोपऱ्यात खाणं-पाणी आणि आडवा ठेवलेला पुठ्ठ्याचा खोका. नेदरलँड्समधल्या एका निवाऱ्यात नव्याने आलेल्या मांजरांपैकी काहींना लपायला खोका दिला आणि काहींना दिला नाही. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात खोकेवाली मांजरं लवकर निवळली. खोक्यातून मांजराला ओढून बाहेर काढायचं नाही, पाहुण्यांना दाखवायला तर नाहीच. दुसरी जागा उंचावर द्या, कपाटावर एखादी चादर घालून. खिडकीबाहेर परका बोका येऊन बसत असेल तर काचेच्या खालच्या भागाला कागद चिकटवा. त्या बोक्याच्या धास्तीनेही मांजर अंग चाटत बसतं. घरात जितकी मांजरं तितके ट्रे, आणि वर एक जास्त. गणपतीचे ढोल आणि दिवाळीचे फटाके सुरू व्हायच्या आधी खोका आतल्या खोलीत हलवा, खिडक्या लावा, पंखा चालू ठेवा.

सोफ्यावर नख्या पाजळतं म्हणून रागावणाऱ्यांना एवढंच सांगेन की नख्यांवरचं जुनं कवच उतरवणं, अंग ताणणं आणि आपला वास मागे ठेवणं ही त्याची गरज आहे. ती भागेल अशी सोय करा. कंबरेएवढ्या उंचीच्या, न डगमगणाऱ्या लाकडी खांबाला सुंभ किंवा जाड सुतळी घट्ट गुंडाळा आणि तो सोफ्याला लागूनच उभा करा, गॅलरीच्या टोकाला नाही. काहींना आडवंच आवडतं, त्यांना काथ्याचं पायपुसणं पुरतं.

दिवसातून दोन वेळा, शक्यतो रोज त्याच वेळी, काठीला बांधलेल्या दोरीच्या टोकाला पीस लावून दहा मिनिटं खेळा आणि लगेच खायला द्या. शिकार, जेवण, अंग स्वच्छ करणं, झोप हा मांजराचा क्रम आहे. तो पुरा झाला की चाटणं वाजवी राहतं. कोरडं खाणं अंड्यांच्या ट्रेच्या खळग्यांत टाकलं तर ते शोधण्यात त्याचा वेळ जातो.

चाटत असताना ओरडू नका, पाणी उडवू नका. त्याने भीती वाढते आणि ते लपून चाटू लागतं. ज्या वेळी सुरू होतं ती वेळ वहीत सापडेल. तिच्या जरा आधी खेळ काढा. गळ्यातली प्लॅस्टिकची कॉलर फक्त जखम भरेपर्यंत.

बोचकारतंय ते भीतीने. कान मागे गेले, शेपटीचं टोक फटकारायला लागलं की हात मागे घ्या. तोंडासमोर वाकू नका. बाजूला बसा आणि डोळे सावकाश मिटून उघडा. ससेक्स विद्यापीठाच्या २०२० मधल्या अभ्यासात असं केलेल्या माणसाजवळ मांजरं जास्त वेळा आली. तरी ओरखडा निघाला किंवा चावलं, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजच्या लसीसाठी दवाखान्यात जा. हळद, चुना, तिखट काही लावू नका. मांजरालाही रेबीजची लस वेळच्या वेळी हवी.

एवढं करूनही टक्कल वाढत असेल तरच फ्लुओक्सेटिनसारख्या गोळ्यांचा विचार, तोही डॉक्टरांच्या देखरेखीखाली. त्यांचा गुण यायला चार ते सहा आठवडे लागतात, त्यामुळे पहिल्याच आठवड्यात 'काही उपयोग नाही' म्हणून थांबवू नका आणि केस आले म्हणून एका दिवसात बंदही करू नका. दर रविवारी त्याच जागेचा, त्याच उजेडात फोटो काढा. मात्रा कधी आणि किती कमी करायची ते डॉक्टर त्यावरून ठरवतील.