टॉनिक की अन्न?

मुलांनो, तुम्ही वडिलांबरोबर किंवा अम्मीबरोबर भाजीबाजारात जात असाल. लालबुंद टोमॅटो, कोवळी भेंडी, हिरवीगार मेथी पाहून मन प्रसन्न होते. पण ही भाजी पिकवताना शेतकऱ्याला किती विचार करावा लागतो, हे तुम्हांला ठाऊक आहे का? आज आपण त्यातील एका गोष्टीची माहिती घेऊ.

शेतकरी ज्याला 'टॉनिक' म्हणतात, त्याचे शास्त्रीय नाव 'जैव उत्तेजक' असे आहे. जैव उत्तेजक म्हणजे खत नव्हे. खतातून रोपाला नत्र, स्फुरद आणि पालाश हे अन्न मिळते. जैव उत्तेजक म्हणजे कीटकनाशकही नव्हे. त्याने कीड मरत नाही. मग ते करते तरी काय? ते रोपाला त्याच्या स्वतःच्या कामात मदत करते. मुळांची वाढ चांगली होते. जमिनीतील अन्न रोप अधिक चांगले शोषून घेते. कडक ऊन किंवा पाण्याची टंचाई ते थोडी अधिक सहन करते.

जैव उत्तेजके अनेक प्रकारची असतात. काही समुद्रातील शेवाळापासून तयार करतात. तमिळनाडूत रामनाथपुरम जिल्ह्याच्या किनाऱ्यावर बांबूच्या तराफ्यांना बांधून शेवाळ वाढवतात. तेथील अनेक स्त्रियांना त्यातून रोजगार मिळतो. ताज्या शेवाळाचा रस काढण्याची पद्धत गुजरातमधील भावनगरच्या एका सरकारी संशोधन संस्थेने विकसित केली. हा रस पाण्यात मिसळून पिकांवर फवारतात. दुसरा प्रकार ह्युमिक आम्लाचा. कुजलेल्या पालापाचोळ्यातही हा पदार्थ असतो. तिसरा प्रकार अमिनो आम्लांचा. ही आम्ले प्रथिनांपासून मिळतात.

आता माझ्या मामूंची गोष्ट ऐका. मालेगाव तालुक्यात त्यांची थोडी शेती आहे. २०१९ च्या उन्हाळ्यात त्यांनी टोमॅटो लावले होते. ऊन फार वाढले आणि फुले गळू लागली. एका दुकानदाराने त्यांना एक बाटली दिली. "हे फवारा, मग खताची गरजच नाही," असे तो म्हणाला. खतासाठी ठेवलेले पैसे मामूंनी बाटलीवर खर्च केले. चार दिवस पाने टवटवीत दिसली. नंतर मात्र ती पिवळी पडली. फळे लहान राहिली आणि त्या वर्षी घरखर्चासाठी उसने पैसे घ्यावे लागले.

मामूंची चूक कोणती? टॉनिक वाईट होते की चांगले, ते आज सांगता येणार नाही. त्या बाटलीवर घटकांची नावेच नव्हती. पण चांगले टॉनिकही अन्नाची जागा घेऊ शकत नाही. उपाशी माणसाला भाकरी न देता नुसते टॉनिक पाजले, तर त्याला शक्ती येईल का?

पूर्वी जैव उत्तेजकांसाठी वेगळा कायदा नव्हता. २३ फेब्रुवारी २०२१ रोजी केंद्र सरकारने खत नियंत्रण आदेश, १९८५ मध्ये बदल केला आणि जैव उत्तेजकांना त्यात आणले. म्हणून बाटली घेताना ती सरकारी नियमांप्रमाणे नोंदलेली आहे का, हे विचारावे. घटक, पीक, मात्रा आणि मुदतीची तारीख वाचावी. पक्की पावती घ्यावी. मुलांनो, घरातील मोठ्यांना वाचता येत नसेल, तर हे काम तुम्ही करा.

२०२२ मध्ये मामूंनी कृषी सहायकांचा सल्ला घेतला. आधी मातीची तपासणी केली. शेणखत आणि योग्य खत दिले. मग नियमांप्रमाणे असलेले शेवाळाचे टॉनिक सांगितलेल्या मात्रेतच, सकाळी ऊन चढण्यापूर्वी फवारले. दोन सऱ्या मात्र मुद्दाम फवारल्या नाहीत. त्यांच्या मुलीने दोन्हीकडची फळे मोजून वहीत लिहिली. फवारलेल्या सऱ्यांत फळे थोडी जास्त निघाली. "चमत्कार नाही, पण फायदा आहे," असे मामू हसून म्हणाले.

हा हिशेब महत्त्वाचा आहे. समजा, टॉनिकला ६०० रुपये लागले आणि ९०० रुपयांचे टोमॅटो जास्त निघाले, तर ३०० रुपये उरले. पण ४०० रुपयांचेच जास्त निघाले, तर २०० रुपये बुडाले. न फवारलेल्या सऱ्या नसत्या, तर हे कळले असते का?

मुलांनो, कोणी काही सांगितले, तर लगेच विश्वास ठेवू नका आणि लगेच नाकारूही नका. वाचा, विचारा, करून पाहा आणि मोजा. शेतकऱ्याचा घामाचा पैसा असाच वाचतो.

शब्दार्थ
शोषणे – आत ओढून घेणे
टंचाई – कमतरता
तराफा – पाण्यावर तरंगणारी बांबूंची चौकट
मात्रा – ठरलेले प्रमाण
सरी – पिकाला पाणी देण्यासाठी केलेला लांब चर

स्वाध्याय
१. खत आणि जैव उत्तेजक यांत कोणता फरक आहे?
२. मामूंच्या टोमॅटोची पाने पिवळी का पडली असतील?
३. मामूंनी दोन सऱ्या न फवारता का ठेवल्या?
४. उपक्रम : घरातील एखाद्या खताच्या पिशवीवरील मजकूर वाचा आणि वहीत लिहा.