खेळणे कोणाचे?

आपल्या गडबपासून जवळच असलेल्या हमरापूर-जोहे भागात गणपती घडवण्याची कला अनेक घरांत बापाकडून मुलाकडे आली. शेजारी बसून काम केल्यानेच ती आली. मग खेळणे तेवढे आपण विकतच का आणावे?

'स्टार वॉर्स' (१९७७) चित्रपटातील प्रकाशाची तलवार मुलांना हवीहवीशी वाटते. तिची मूठही जुन्या ग्राफ्लेक्स कॅमेऱ्याच्या फ्लॅशच्या दांडीपासून केली होती! आपणही घरी तशी करू शकतो. छोटा टॉर्च घ्यावा, तोंडावर रंगीत जिलेटीन कागद लावावा, पुढे पारदर्शक प्लॅस्टिकची नळी बसवावी. नळीत बटर पेपरची सुरळी घातली की प्रकाश विखुरतो आणि नळी सर्वांगाने उजळते. टोक चांदीच्या कागदाने बंद केले की प्रकाश मागे फिरतो.

माप मुलाने घ्यावे, करवत आपण धरावी. बटणासारखे सेल टाळावेत. गिळल्यास अन्ननलिका भाजते.

चिकटपट्टी वाकडी लागली तरी आपण ती उचकटू नये. तसे केले की तलवार आपली होते आणि मूल नुसते बघत राहते.

विचारासाठी प्रश्न : मुलाचे काम आपण शेवटचे कधी हातातून काढून घेतले?