नव्या संगणकावर जुना राजपुत्र

‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ ही संगणक-खेळांची मालिका १९८९ मध्ये ॲपल टू या संगणकावर सुरू झाली. जॉर्डन मेकनर यांनी पहिला खेळ जवळजवळ एकट्याने घडवला. धाकट्या भावाला धावायला आणि उड्या मारायला लावून त्यांनी व्हिडिओ घेतले आणि त्यावरून राजपुत्राच्या हालचाली रेखाटल्या. म्हणूनच तो कठड्याला लोंबकळतो तेव्हा त्याच्या अंगाचे वजन जाणवते. १९९० मध्ये खेळ डॉसवर आला आणि इथल्या संगणक क्लासांतल्या यंत्रांवर फ्लॉपीतून पसरला. दुसरा भाग १९९३ चा, त्रिमिती भाग १९९९ चा. मग युबिसॉफ्टने २००३, २००४ आणि २००५ मध्ये ‘द सँड्स ऑफ टाइम’, ‘वॉरियर विदिन’ आणि ‘द टू थ्रोन्स’ ही सलग कथा आणली. २००८ आणि २०१० मध्ये आणखी दोन मोठे भाग निघाले. ही मालिका आजच्या संगणकावर पहिल्यापासून खेळायला घेतली की प्रत्येक टप्प्यावर वेगळी अडचण समोर येते. पुढची माहिती पनवेलमध्ये, विंडोज ११ असलेल्या लॅपटॉपवर ही मालिका क्रमाने खेळताना आलेल्या अनुभवावर आधारलेली आहे.

जुना खेळ सुरू होत नाही तेव्हा खेळाच्या फाइली बहुधा शाबूत असतात. त्याने गृहीत धरलेली परिस्थिती मात्र बदललेली असते. संगणकात सीडी ड्राइव्ह आहे, पडदा ४:३ आकाराचा आहे, प्रोसेसरला एकच कोअर आहे, आपल्या फोल्डरमध्ये हवे ते लिहायला मोकळीक आहे, असे तो धरून चालतो. यातले काय उरले नाही हे आधी शोधावे लागते. हौशी खेळाडू नेमकी इथे घाई करतो. मिळेल तो पॅच एकावर एक चढवला की कशाने काय बिघडले हे कळेनासे होते आणि शेवटी सगळे पुसून नव्याने बसवावे लागते. एका वेळी एकच बदल करणे, लगेच खेळ सुरू करून पाहणे आणि केलेला बदल कागदावर टिपून ठेवणे ही पद्धत संथ वाटते, पण तिनेच वेळ वाचतो.

पहिले काम सीडी वाचवण्याचे. पनवेलची हवा खाडीकाठची, पावसाळ्यात कमालीची दमट. बंद कपाटातल्या सीडींवर जून ते सप्टेंबरात पांढरट, जाळीसारखे डाग उठतात. हे डाग साध्या पाण्याने आणि मऊ सुती कापडाने पुसावेत, तेही मधल्या भोकापासून कडेकडे सरळ रेषेत. गोल फिरवून पुसल्यास पडणारा चरा माहितीच्या ओळीला समांतर जातो आणि त्या जागची बरीच माहिती एकदम वाचेनाशी होते. सीडीची नाजूक बाजू वरची, म्हणजे चित्र छापलेली, हे पुष्कळांना ठाऊक नसते. चमकता थर त्या छपाईच्या लगेच खाली असतो, त्यामुळे वरून गेलेला ओरखडा खालच्यापेक्षा घातक ठरतो. डीव्हीडीत हा थर दोन पातळ चकत्यांच्या मध्ये असल्याने तो जास्त सुरक्षित राहतो.

आजच्या लॅपटॉपला ड्राइव्ह नसतो, पण यूएसबीला जोडायचा बाहेरचा डीव्हीडी ड्राइव्ह सहज मिळतो. सीडी वाचली जात आहे तोवर तिची पूर्ण इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, हार्ड डिस्कवर करून घ्यावी. ‘पुढच्या सुट्टीत करू’ म्हणून मागे ठेवलेली सीडी पुढच्या पावसाळ्यानंतर वाचली जाईलच असे नाही. खुद्द मेकनर यांच्या पहिल्या खेळाचा मूळ प्रोग्रॅम हरवला असेच मानले जात होते. २०१२ मध्ये त्यांच्या वडिलांना जुन्या सामानात फ्लॉपी सापडल्या आणि वीसहून अधिक वर्षांनी त्या वाचल्या गेल्या. एवढे नशीब प्रत्येक घराच्या वाट्याला येत नाही.

इमेज तयार झाली तरी सीडीवरचा खेळ चालेलच असे नाही. त्या काळच्या अनेक खेळांत नक्कल रोखणारी सेफडिस्क किंवा स्टारफोर्ससारखी कुलपे असत. सेफडिस्कला लागणारा ड्रायव्हर सुरक्षेच्या कारणाने विंडोज १० मध्ये ठेवलाच नाही आणि जुन्या विंडोजवरही २०१५ च्या अपडेटने तो बंद केला गेला. ‘द टू थ्रोन्स’च्या सीडीवर स्टारफोर्स होते आणि त्याचा जुना ड्रायव्हर आजच्या विंडोजवर धडपणे बसत नाही. अशा वेळी पैसे देऊन घेतलेली अस्सल सीडी हातात असूनही खेळ उघडत नाही. यावर ‘क्रॅक’ केलेली फाइल उतरवून घेण्याचा मोह होतो, आणि व्हायरस घरात शिरतो तो याच वाटेने. अँटिव्हायरसने हरकत घेतली तरी ती धुडकावण्याची सवय लागलेली असते, हे अधिक धोक्याचे.

सरळ उपाय म्हणजे डिजिटल प्रत पुन्हा विकत घेणे. पोलंडच्या जीओजी या दुकानात २००३ ते २००८ चे भाग कोणत्याही कुलपाविना मिळतात आणि त्यांची इन्स्टॉल फाइल उतरवून स्वतःजवळ ठेवता येते. ती ठेवावीच. एकाच खेळाचे दोनदा पैसे मोजताना वाईट वाटते, पण अख्खी सुट्टी कुलपाशी झगडण्यात घालवण्यापेक्षा हा खर्च हलका. हार्बर लोकलने जाऊन लॅमिंग्टन रोडवरून जुना पेंटियम उचलून आणण्याचा मार्गही आहे. त्यात मौज आहे, पण जुन्या मदरबोर्डचे कॅपॅसिटर फुगलेले निघाले तर खेळाऐवजी दुरुस्तीचाच छंद लागतो.

पहिले दोन भाग डॉसचे. ६४-बिट विंडोज डॉसचे प्रोग्रॅम मुळीच चालवत नाही, म्हणून डॉसबॉक्स हा मोफत प्रोग्रॅम लागतो. तो संगणकाच्या आत जुन्या संगणकाची नक्कल उभी करतो. त्याच्या सेटिंगमध्ये ‘ॲस्पेक्ट’ ही नोंद ‘ट्रू’ करणे आवश्यक आहे. मूळ चित्र ३२० बाय २०० ठिपक्यांचे, पण जुना मॉनिटर ते उभे ताणून ४:३ आकारात दाखवत असे. हे ताणणे विसरल्यास राजपुत्र बुटका आणि रुंद दिसतो, आणि उडीचा अंदाज डोळ्यांच्या जुन्या सवयीशी जुळत नाही. आवाजाची निवड विचारली गेली तर साउंड ब्लास्टर, पत्ता २२०, आयआरक्यू ७, डीएमए १ असे द्यावे.

दुसरी खबरदारी शिफ्ट कळीची. या खेळात जपून पाऊल टाकणे, कठडा पकडून राहणे आणि औषध पिणे हे सगळे शिफ्टवर आहे. ही कळ लागोपाठ पाच वेळा दाबली की विंडोज ‘स्टिकी कीज’ची चौकट पुढे करते आणि तेवढ्यात राजपुत्र खालच्या सुळ्यांवर पडलेला असतो. खेळ सुरू करण्यापूर्वी सेटिंगमध्ये जाऊन ही सोय बंद करावी. पहिली लेव्हल संपताच येणारी औषधांची खोली हीदेखील नक्कल रोखण्याची जुनी युक्ती आहे. छापील पुस्तिकेतल्या ठरावीक पानावरच्या, ओळीतल्या शब्दाचे पहिले अक्षर तिथे ओळखावे लागते, त्यामुळे पुस्तिका नसेल तर वाट तिथेच खुंटते.

डॉसबॉक्सचा खटाटोप नको असेल तर एसडीएलपॉप ही मोफत आवृत्ती घ्यावी. डॉसच्या मूळ प्रोग्रॅमची उकल करून ती हौशी मंडळींनी नव्याने लिहिली आहे. खेळ तोच, बारा लेव्हलींसाठी साठ मिनिटांची मुदतही तीच, फक्त कुठेही सेव्ह करण्याची सोय जास्तीची. नव्याने शिकणाऱ्या मुलांसाठी ती सोय वापरायला हरकत नाही. जुन्या खेळाडूने निदान एकदा तरी तिच्याशिवाय खेळावे, कारण या खेळाचा सगळा ताण त्या सरत्या मिनिटांत आहे.

१९९९ चा ‘प्रिन्स ऑफ पर्शिया थ्रीडी’ डीजीवूडू या प्रोग्रॅमच्या मदतीने चालवता येतो. जुन्या ग्राफिक्सच्या आज्ञा तो नव्या कार्डाला समजतील अशा करून देतो. पण पुढच्या कथेशी या भागाचा संबंध नाही आणि त्याचा कॅमेरा व नियंत्रणही त्रासदायक. वेळ मर्यादित असेल तर तो वगळावा.

मालिकेचा कळस ‘द सँड्स ऑफ टाइम’. भारतीय खेळाडूला त्याचे आकर्षण वेगळे आहे, कारण कथा सुरू होते ती महाराजाच्या राजवाड्यावरच्या हल्ल्याने आणि नायिका फराह ही त्याच महाराजाची मुलगी. कथा सांगणारा स्वतः राजपुत्रच आहे, आणि तो खेळात मेला की ‘असे झाले नव्हते’ अशा अर्थाचे बोलून आपले कथन दुरुस्त करतो. याच भागाची नवी आवृत्ती युबिसॉफ्टच्या पुणे आणि मुंबई इथल्या स्टुडिओंकडे सोपवल्याचे सप्टेंबर २०२० मध्ये जाहीर झाले. तारीख लांबत गेली आणि मे २०२२ मध्ये काम माँट्रियलकडे गेले. २०२६ मध्ये ही नवी आवृत्ती रद्दच झाली. मूळ खेळ मात्र बाजूला ठेवू नये. वीस वर्षांनंतरही तो उत्तम आहे.

तो बसवताना पहिली काळजी जागेची. ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्ये बसवलेल्या जुन्या खेळाला तिथे लिहायला विंडोज अडवते. मग सेव्ह होतच नाही, किंवा ‘व्हर्च्युअल स्टोअर’ नावाच्या लपलेल्या फोल्डरमध्ये जाते आणि संगणक बदलताना मागे राहते. सी ड्राइव्हवर ‘गेम्स’ असा स्वतंत्र फोल्डर करून त्यात बसवले की हा प्रश्न मिटतो.

दुसरी अडचण पडद्याची. खेळाला रुंद पडदा माहीत नाही, त्यामुळे चित्र आडवे ताणले जाते. त्यासाठी मोफत ‘वाइडस्क्रीन फिक्स’ मिळतो, पण तो टाकण्याआधी खेळ जुन्या ४:३ आकारात नीट चालतो ना हे पाहावे. काही ग्राफिक्स कार्डांवर धुके चुकीचे दिसते. खेळाच्या फोल्डरमधल्या ‘हार्डवेअर’ नावाच्या आयएनआय फाइलमध्ये ‘इन्व्हर्ट फॉग रेंज’ ही नोंद १ केली की ते जागेवर येते. त्याच फाइलमध्ये ‘फोर्स व्हीसिंक’ ही नोंद आहे, तीही १ करावी.

या शेवटच्या नोंदीचे महत्त्व पनवेलच्या मे महिन्यात कळते. जुना खेळ हलका, म्हणजे लॅपटॉप थंड राहील, असा समज असतो. प्रत्यक्षात उलट घडते. वेग रोखणारे काही नसेल तर नवे कार्ड त्या साध्या चित्राच्या सेकंदाला शेकडो फ्रेम काढत राहते, मेनूवर नुसते थांबलेले असतानाही पूर्ण ताकदीने चालते आणि तापते. बाहेर घाम फुटवणारी हवा आणि खाली गादी असेल तर पंख्याचा आवाज वाढत जातो आणि संगणक मध्येच बंद पडतो. व्हीसिंकने, म्हणजे फ्रेमचा वेग पडद्याच्या वेगाशी जुळवून, किंवा ग्राफिक्स कार्डाच्या सेटिंगमधून वेग सेकंदाला ६० फ्रेमवर बांधला की ताप उतरतो. १४४ हर्ट्झच्या पडद्यावर व्हीसिंक पुरत नाही, तिथे ६० ची मर्यादा स्वतंत्रपणे घालावी. खेळ त्या वेगापुढे तपासलेलेच नव्हते, त्यामुळे हालचालीतले विचित्र दोषही यानेच टळतात.

सेव्ह करण्याची सोय फक्त वाळूच्या फिरत्या स्तंभांपाशी आहे आणि दोन स्तंभांमधले अंतर बरेच असते. पहिल्या पावसात लाइट गेली तर लॅपटॉप तग धरतो, डेस्कटॉपवरची मेहनत मात्र वाया जाते. डेस्कटॉपला यूपीएस हवाच. खेळ मुळात गेमपॅडचा विचार करून बनवलेला आहे. स्वस्त कीबोर्डवर तीन-चार कळा एकत्र दाबल्या की एखादी नोंदली जात नाही, आणि भिंतीवरून धावताना नेमका हात सुटतो.

‘वॉरियर विदिन’लाही हीच तयारी लागते. त्यातही खेळ अडखळला किंवा आवाज मागे पडला तर टास्क मॅनेजरमधून त्याला एकच कोअर द्यावा. या भागात राजपुत्राचा पाठलाग करणारा दहाका हा राक्षस मागे लागलेला असताना क्षणाचा अडथळाही जीव घेतो. मोठी सावधगिरी सेव्हची आहे. कथा भूतकाळ आणि वर्तमानात ये-जा करते आणि काही क्रमाने गेल्यास पुढची वाट कायमची अडते, असे दोष खेळातच राहून गेलेले आहेत. एकाच सेव्हवर पुन्हा पुन्हा लिहिणाऱ्याला मग पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. सेव्हचे सगळे कप्पे आलटून पालटून वापरावेत. आयुष्य वाढवणाऱ्या नऊ जागा लपलेल्या आहेत. त्या नऊही सापडल्या तरच पाण्याची तलवार मिळते आणि खरा शेवट दिसतो. ‘द टू थ्रोन्स’ त्याच शेवटापासून पुढे जातो, त्यामुळे एक जरी जागा सुटली तरी पुढच्या भागाची सुरुवात बुचकळ्यात टाकते.

‘द टू थ्रोन्स’ डिजिटल प्रतीतून घेतल्यास फार त्रास देत नाही. रुंद पडदा आणि फ्रेमची मर्यादा एवढे सांभाळले की पुरते.

२००८ चा भाग वेगळ्या राजपुत्राचा आहे. त्याची पीसीवरची सीडी कोणत्याही कुलपाविना विकली गेली होती, म्हणून जुनी सीडी असेल तर ती आजही उपयोगी पडते. मात्र कथा पुढे नेणारा ‘एपिलॉग’ पीसीवर आलाच नाही. २०१० चा ‘द फरगॉटन सँड्स’ कथेच्या दृष्टीने ‘सँड्स ऑफ टाइम’ आणि ‘वॉरियर विदिन’ यांच्या मधला आहे. तरी तो शेवटीच खेळावा, कारण त्यातल्या युक्त्या आधीच्या भागांच्या सवयीवर बेतलेल्या आहेत. त्याला युबिसॉफ्टचे खाते लागते. जुन्या खात्याचा ईमेल पत्ता बंद पडला असेल तर खेळ विकत घेण्याआधीच पासवर्ड बदलून प्रवेश होतो का ते तपासावे.