दूरचित्रवाणीचा पडदा आणि कोणींच न घेतलेलीं चित्रें

गेल्या दिवाळींत आमच्या घरीं सपाट पडद्याचा नवा दूरचित्रवाणी-संच आला. पहिल्याच रविवारीं वडिलांनीं प्रभात कंपनीचा १९३६ सालचा 'संत तुकाराम' लावावयास सांगितला. लहानपणीं गांवच्या तंबूंत त्यांनीं तो पाहिला होता. पाव तास झाला असेल नसेल, तोंच त्यांनीं चष्मा काढून पुसला, पुन्हां घातला आणि म्हणाले, "माझे डोळे बिघडले असावेत. माणसें रुंद दिसतात, आणि चालतांना तेलावरून घसरल्यासारखीं वाटतात." सोमवारीं नेत्रवैद्याकडे जाण्याचेंही ठरलें. तत्पूर्वीं आम्हीं संचाचा मेनू उघडून पाहिला. वडिलांच्या डोळ्यांत दोष नव्हता; तो संचाच्या सेटिंगमध्यें होता. ज्यांच्या घरीं वडील माणसें अशीच तक्रार करीत असतील, त्यांच्याकरितां ही हकीकत येथें देत आहों.

रुंदीचा दोष सोपा. जुन्या बोलपटांची चौकट साधारण ४ : ३ या प्रमाणाची, म्हणजे ९ हात उंचीस १२ हात रुंदीची, आजच्या संचाची १६ : ९. बाराचे सोळा केले कीं प्रत्येक वस्तु एकतृतीयांशानें रुंद होते. विष्णुपंत पागनिसांची मुद्रा फुगते आणि गाडीचें वाटोळें चाक लंबवर्तुळ बनतें. मेनूंत 'पिक्चर साइझ' किंवा 'अ‍ॅस्पेक्ट रेशो' या सदराखालीं '४ : ३' अथवा 'ओरिजिनल' निवडावें. मग दोन्ही बाजूंस काळ्या पट्ट्या उरतात. एवढा मोठा पडदा घेऊन पैसे वायां गेले असें कित्येकांस वाटतें. पण येथें पट्ट्या असणेंच योग्य.

घसरण्याचा दोष अधिक विचार करण्याजोगा आहे. मूकपटांच्या काळीं कॅमेरा हातानें फिरवीत, त्यामुळें वेग कमीजास्त होई. बोलपट आल्यावर तें चालेना. फिल्म कमीअधिक वेगानें धांवली तर आवाजाची पट्टी बदलते. म्हणून १९२० च्या दशकाच्या अखेरीस सेकंदास २४ चित्रें हा वेग ठरून गेला, आणि बहुतेक चित्रपट आजही त्याच वेगानें घेतले जातात. संचाचा पडदा मात्र सेकंदास ६० किंवा १२० वेळां नवा होतो. १२० ला २४ नें भागलें तर ५ येतात. प्रत्येक चित्र पांच वेळां दाखविलें कीं झालें. ६० ला भागल्यास अडीच येतात, आणि चित्र अर्धी वेळ दाखवितां येत नाहीं. म्हणून एक चित्र दोनदां, पुढचें तीनदां. कॅमेरा हळूहळू एकीकडून दुसरीकडे वळत असतां जे बारीक हिसके जाणवतात, त्यांचें एक कारण हें. शिवाय सपाट पडद्यावर प्रत्येक चित्र पुढचें येईपर्यंत स्थिर राहतें, आणि हलत्या वस्तूमागें फिरणाऱ्या डोळ्यास तें पुसट भासतें.

यावर कारखानदारांनीं एक युक्ति काढली. संच लगतचीं दोन चित्रें ताडून पाहतो आणि मधलें स्वतःच रचतो. पहिल्यांत चेंडू डाव्या कडेपासून १० बोटांवर आणि दुसऱ्यांत २० बोटांवर असेल, तर १५ बोटांवर चेंडू असलेलें चित्र तो मध्यें घालतो. चेंडू बॅटीआड गेला कीं हा अंदाज चुकतो, आणि कडा फाटल्यासारख्या दिसतात. विद्यार्थ्यांनीं हिशेब करून पाहावा: पडदा १२० चा आणि युक्ति पूर्ण जोरावर असेल, तर सेकंदांतील १२० चित्रांपैकीं ९६ कोणत्याही कॅमेऱ्यानें घेतलेलीं नसतात! चित्रपटाची जी चाल आपल्या डोळ्यांस परिचित आहे ती जाते, आणि तो काल स्टुडिओंत मुद्रित केलेल्या मालिकेसारखा दिसूं लागतो. इंग्रजींत यास 'सोप ऑपेरा इफेक्ट' असें नांवच पडलें आहे. डिसेंबर २०१८ मध्यें नट टॉम क्रूझ व दिग्दर्शक ख्रिस्तोफर मॅक्वारी यांनीं, ही योजना बंद करा, असें चित्रफितीद्वारें प्रेक्षकांस विनविलें होतें.

अडचण अशी कीं, प्रत्येक कंपनीनें तिचें बारसें निराळें केलें आहे: एलजीची 'ट्रूमोशन', सोनीची 'मोशनफ्लो', सॅमसंगची 'ऑटो मोशन प्लस' किंवा 'पिक्चर क्लॅरिटी'. चित्रपटासाठीं ती बंद करावी. कांहीं नव्या संचांत 'फिल्ममेकर मोड' असतो. त्यांत ती आपोआप बंद होते. क्रिकेटच्या सामन्यास ती थोडी असली तरी आमची हरकत नाहीं.

मेनूंत आहों तोंवर आणखी थोडें. 'व्हिव्हिड' हा मोड दुकानाच्या झगझगाटांत गिऱ्हाइकाची नजर ओढण्यास ठीक. घरीं 'सिनेमा' किंवा 'मूव्ही' निवडावा. रंगाची छटा 'वॉर्म' ठेवावी. दोन दिवस पांढरें पिवळट वाटेल, मग डोळा सरावतो. 'शार्पनेस' वाढविल्यानें नवा तपशील येत नाहीं, कडेला फिकट रेघ तेवढी उमटते. पुष्कळ संचांत 'ब्राइटनेस' उजेड नव्हे, तर काळेपणा ठरवितो. रात्रीच्या दृश्यांत काळ्या कोटाच्या चुण्या जेमतेम दिसतील इतका तो असावा. उजेडासाठीं 'बॅकलाइट' निराळा असतो.

नेत्रवैद्याकडील फेरी टळली, आणि वडिलांनीं 'तुकाराम' अखेरपर्यंत पाहिला. पुढच्या रविवारीं सेट-टॉप बॉक्सवर दुसरा एक जुना चित्रपट लागला, तेव्हां ते पुन्हां म्हणाले, "घसरतात." तेव्हां आम्हांस कळलें कीं, आमच्या संचांत प्रत्येक जोडणीचें सेटिंग निराळें साठविलेलें असतें, आणि आम्हीं केलेला बदल फक्त इंटरनेटपुरता होता.