परवचा आणि प्रत

शिरूर तालुक्यात भीमेच्या काठी वडगाव रासाई हे गाव आहे. नदीच्या पैलतीरी दौंड तालुका लागतो. नदीकाठामुळे शिवारात जागोजाग ऊस उभा असतो. या गावातील सातवीत शिकणाऱ्या एका मुलीची ही गोष्ट आहे.

मुलीच्या घरी तिच्या थोरल्या भावाने आणलेला एक जुना संगणक होता. त्यावर भावाने तिला ‘अंकी’ नावाची आज्ञावली घालून दिली होती. या आज्ञावलीत अभ्यासाची कार्डे तयार करता येतात. कार्डाच्या एका बाजूस प्रश्न लिहावयाचा व दुसऱ्या बाजूस उत्तर. प्रश्न दिसला की उत्तर प्रथम मनात आठवावयाचे आणि मग कार्ड उलटून ते पडताळून पाहावयाचे. उत्तर सहज आठवले, कष्टाने आठवले की आठवलेच नाही, हे आपण संगणकास सांगावयाचे. त्यावरून ते कार्ड पुन्हा केव्हा पुढे आणावयाचे, हे तो ठरवितो. चुकलेले कार्ड थोड्याच वेळात परत येते. बरोबर आठवलेले कार्ड काही दिवसांनी येते, पुन्हा आठवले तर काही आठवड्यांनी आणि पुढे काही महिन्यांनी.

मुलीने वर्षभर खपून चारशे कार्डे तयार केली. इंग्रजी शब्द, इतिहासातील सने, नद्यांची उगमस्थाने, विज्ञानातील व्याख्या असे सारे त्यांत होते. परीक्षा पंधरा दिवसांवर आली. अशात एका संध्याकाळी वळवाचा पाऊस कोसळला. विजा कडाडू लागल्या. घरातले दिवे गेले, आले आणि पुन्हा गेले. दुसऱ्या दिवशी संगणक काही केल्या सुरू होईना. दुरुस्ती करणाऱ्याने तो उघडून पाहिला व सांगितले, “आतली तबकडी निकामी झाली आहे. तिच्यातले काही परत मिळेल, अशी आशा धरू नका.”

भाऊ म्हणाला, “रडू नकोस. मी पेन ड्राइव्हवर प्रत काढून ठेवली आहे.”

दोघे शाळेत गेली. गुरुजींनी पेन ड्राइव्ह शाळेच्या संगणकाला लावला. पडद्यावर ओळखीचे चिन्ह दिसताच मुलीचा चेहरा उजळला. परंतु ते चिन्ह कितीदा दाबले तरी काहीच उघडेना. भावाने घरच्या संगणकाच्या पडद्यावरील चिन्ह तेवढे उचलून पेन ड्राइव्हवर ठेवले होते. कार्डे मूळ जागीच राहिली होती. रस्त्याच्या कडेची पाटी गावाची दिशा दाखविते, पण पाटी उपटून घरी नेली म्हणून गाव काही घरी येत नाही. तसेच हे झाले.

मुलीचे डोळे भरून आले. भाऊ खाली मान घालून उभा राहिला. गुरुजी काही वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी कपाटातून एक कोरी वही काढली आणि तिच्या हाती देत म्हटले, “बाळ, गेलेल्या कार्डांपैकी जी आठवतील ती या वहीत लिहून काढ. पुस्तक उघडू नकोस.”

मुलगी तीन दिवस लिहीत होती. चौथ्या दिवशी तिने वही गुरुजींपुढे ठेवली. चारशेपैकी दोनशे साठ कार्डे तिला प्रश्नोत्तरांसह आठवली होती.

“उरलेली एकशे चाळीस का बरे आठवली नाहीत?” गुरुजींनी विचारले.

मुलीने जरा विचार केला व ती खालच्या आवाजात म्हणाली, “गुरुजी, काही कार्डे मी घाईने उलटून पाहत होते. उत्तर दिसले की ‘हे तर मला येतेच’ असे वाटे आणि मी ‘सोपे’ म्हणून पुढे जाई. बहुतेक तीच गेली आहेत.”

गुरुजी म्हणाले, “म्हणजे तुम्हा भावंडांची चूक एकच आहे. त्याने प्रत काढली, पण ती उघडून पाहिली नाही. तू उत्तर वाचलेस, पण ते आठवून पाहिले नाहीस. न तपासलेली प्रत आणि न तपासलेली आठवण, दोन्ही ऐन वेळी दगा देतात.”

मुलांनो, गुरुजींचे हे बोलणे आपण नीट समजून घेऊ. प्रथम आठवणीचा विचार करू.

आपल्या आजी-आजोबांच्या लहानपणी घरोघर परवचा म्हणण्याची चाल होती. दिवेलागणी झाली की मुले ओळीने बसत आणि पाढे म्हणत. केवळ दोन-तीनचे पाढे नव्हेत, तर पावकी, निमकी, पाऊणकी, सव्वाकी, दिडकी व औटकी असे अपूर्णांकांचे पाढेही म्हणत. एकाच दिवशी शंभर वेळा घोकण्यापेक्षा रोज थोडे म्हणावे, पुस्तक न पाहता म्हणावे आणि चुकले तर वडीलमाणसाने तेथेच थांबवावे, अशी ती रीत होती.

या रीतीत मोठे तथ्य आहे, हे पुढे प्रयोगांनी दिसून आले. हेर्मान एबिंगहाउस नावाच्या जर्मन पंडिताने स्वतःवरच प्रयोग केले. अर्थ नसलेल्या अक्षरगटांच्या याद्या तो पाठ करी आणि ठरावीक काळाने त्याच याद्या पुन्हा पाठ करण्यास किती श्रम लागतात, हे मोजून पाही. त्याने आपले निष्कर्ष १८८५ साली प्रसिद्ध केले. अवघ्या एका तासाने पहिल्या श्रमांच्या निम्म्याहून अधिक श्रम पुन्हा करावे लागत. एका दिवसाने सुमारे दोन-तृतीयांश श्रम लागत; महिन्याने मात्र त्याहून थोडेच अधिक. म्हणजे विस्मरणाचा वेग आरंभी फार असतो व पुढे मंदावतो. आणखी एक गोष्ट त्याला आढळली. एका बैठकीत ६८ वेळा म्हणून जे साधले, तेच तीन दिवसांत वाटून केवळ ३८ वेळा म्हटल्याने जवळजवळ साधले. परवचा रोज का म्हणावयाचा, याचे उत्तर या आकड्यांत आहे.

१९७२ साली सेबास्टियन लाइटनर या जर्मन लेखकाने कप्प्यांच्या पेटीची युक्ती एका पुस्तकात मांडली. ज्यांच्याजवळ संगणक नाही, त्यांना ती आजही सहज करता येईल. पुठ्ठ्याच्या खोक्यात तीन कप्पे करावे. पहिल्यातील कार्डे रोज, दुसऱ्यातील तीन दिवसांनी व तिसऱ्यातील आठवड्याने पाहावी. उत्तर आठवले तर कार्ड पुढच्या कप्प्यात जाते. चुकले तर ते पहिल्या कप्प्यात परत येते. त्यामुळे जे येत नाही त्यावर आपला वेळ खर्च होतो आणि जे येते त्यावर तो वाया जात नाही.

डेमियन एल्म्स यांनी २००६ साली ‘अंकी’ प्रसिद्ध केली, तेव्हा ही दिवसांची मोजणी तिने संगणकाकडे सोपविली. ‘अंकी’ हा जपानी भाषेतील शब्द असून त्याचा अर्थच पाठांतर असा आहे. परंतु संगणक कितीही हुशार असला, तरी आपण त्याला खरे सांगितले तरच तो खरी मदत करतो. वडगावच्या मुलीने न आठवलेल्या कार्डांस ‘सोपे’ म्हटले. म्हणून संगणकाने ती दूर ठेवली. त्याने आज्ञा पाळली, यात त्याचा काय दोष?

कार्डे करताना आणखी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्या. एका कार्डावर एकच प्रश्न असावा. ‘भीमेविषयी माहिती लिहा’ हा प्रश्न कार्डाला शोभत नाही. ‘भीमेचा उगम कोठे होतो?’ आणि ‘इंद्रायणी भीमेला कोठे मिळते?’ अशी दोन कार्डे करावी. जे समजले नाही ते कार्डावर लिहू नये. आधी समजून घ्यावे. शक्य तो कार्ड स्वतःच्या शब्दांत व स्वतःच्या हाताने करावे, कारण करतानाच निम्मा अभ्यास होतो. रोज नवी कार्डे थोडीच घ्यावी, परंतु जुन्यांची उजळणी चुकवू नये. चार दिवस खंड पडला तर कार्डांचा ढीग साचतो आणि ढीग पाहून मन कंटाळते.

आता प्रतीकडे वळू. इंद्रायणी तुळापूरला भीमेला मिळते आणि ते पाणी पुढे वडगाव रासाईवरून वाहत जाते. याच इंद्रायणीत देहू येथे तुकाराम महाराजांच्या अभंगांच्या वह्या बुडविल्या गेल्या, अशी कथा परंपरेने सांगितली जाते. तेरा दिवसांनी वह्या कोरड्या वर आल्या, असे वारकरी श्रद्धेने सांगतात. अभंग लोकांच्या मुखी होते म्हणून तरले, असेही पुष्कळ जण म्हणतात. महाराजांचे अभंग लिहून ठेवणारे म्हणून संताजी जगनाडे यांचे नावही आदराने घेतले जाते. कथा कशीही सांगितली तरी एक गोष्ट स्पष्ट होते: जे अनेकांच्या मुखी व अनेकांच्या वह्यांत असते, ते एका पाण्याने नाहीसे होत नाही.

याउलट जे एकाच ठिकाणी असते, त्याचे काय होते? १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले. मुठेच्या पुरात पुण्याच्या नदीकाठच्या वस्त्या बुडाल्या. ज्यांचे कागद व पुस्तके त्या एकाच घरात होती, त्यांचे घर गेले आणि घराबरोबर कागदही गेले. तो पूर मुळा-मुठेतून याच भीमेत आला. आज आपला अभ्यास, छायाचित्रे व महत्त्वाची कागदपत्रे संगणकात असतात. पण वीज, पाणी, चोरी आणि मनुष्याची चूक ही संकटे पूर्वीइतकीच खरी आहेत.

म्हणून जाणते लोक तीन प्रतींचा नियम पाळतात. एक प्रत संगणकात असावी, दुसरी पेन ड्राइव्हसारख्या वेगळ्या साधनावर असावी आणि तिसरी घराबाहेर, एखाद्या आप्ताच्या घरी किंवा इंटरनेटवरील साठ्यात असावी. ‘अंकी’ आपल्या कार्डांच्या प्रती आपोआप काढते. पण त्या त्याच संगणकात राहतात. चुकून पुसलेले कार्ड त्यांतून परत मिळेल, परंतु संगणकच गेला तर त्याही जातील. यासाठी साऱ्या कार्डांची एक फाइल बाहेर काढून ती दुसरीकडे ठेवावी.

काही जण म्हणतात, ‘आमची कार्डे मोबाइलवर आणि इंटरनेटवरही दिसतात, मग प्रत कशाला?’ येथे एक बारकावा आहे. ही साधने एकमेकांशी जुळवून घेत असतात. एका ठिकाणी कार्ड पुसले की जुळणीनंतर ते दुसरीकडेही पुसले जाते. आरशातली प्रतिमा ही प्रत नव्हे. वस्तू हलली की तीही हलते.

प्रत काढून झाली की पेन ड्राइव्ह संगणकापासून वेगळा करून ठेवावा. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ नावाच्या घातक आज्ञावलीने अनेक देशांतील संगणकांतील फायली कुलूपबंद करून टाकल्या व त्या सोडविण्यासाठी पैसे मागितले. संगणकाला न जोडलेल्या प्रतीपर्यंत असा चोर पोहोचत नाही. विजा चमकू लागल्या की संगणकाची तारही भिंतीपासून काढावी. आपला पासवर्ड जिवलग मित्रालाही सांगू नये. घरच्या वडीलमाणसांना तो ठाऊक असावा. आणि महिन्यातून एकदा ती प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. उघडली, तरच ती प्रत.

वडगावच्या त्या मुलीने परीक्षेपूर्वीच्या दिवसांत उरलेली कार्डे कागदावर पुन्हा केली. सारी करणे तिला जमले नाही; वेळ अपुरा पडला. जी केली ती मात्र तिने आधी आठवून आणि मगच उलटून पाहिली. पुढे भावाने जुन्या संगणकात नवी तबकडी बसवून घेतली. आता दर शनिवारी तो प्रत काढतो आणि बहीण शाळेत जाऊन ती उघडून पाहते. दिवेलागणीला ती कार्डे घेऊन बसली की तिची आजी शेजारी येऊन बसते. एकदा आजीने हसून विचारले, “मला औटकी अजून सबंध येते. माझी प्रत कोणत्या पेटीत आहे ग?” मुलगी म्हणाली, “तुझ्या डोक्यात आहे, आजी. पण ती एकच आहे. तू म्हण, मी लिहून घेते.”

त्या संध्याकाळी वहीच्या पहिल्या पानावर औटकी लिहिली गेली.

स्वाध्याय

शब्दार्थ : परवचा – सायंकाळी म्हणावयाची पाढ्यांची उजळणी, औटकी – साडेतीनचा पाढा, आज्ञावली – संगणकाने काय करावे हे सांगणाऱ्या सूचनांचा संच, आप्त – नातेवाईक.

१. भावाने काढलेली प्रत का उघडली नाही?
२. मुलीला कोणती कार्डे आठवली नाहीत? का?
३. ‘आरशातली प्रतिमा ही प्रत नव्हे’ या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
४. शेवटी मुलीने आजीची औटकी का लिहून घेतली असावी?
५. वाक्यात उपयोग करा : दगा देणे, डोळे भरून येणे, ध्यानात ठेवणे.
६. करून पाहा : पुठ्ठ्याचे तीन कप्प्यांचे खोके तयार करा. या पाठावर दहा कार्डे करा व आठवडाभर त्यांची उजळणी करा. घरातील वडीलमाणसांस येणारे पाढे, म्हणी किंवा ओव्या विचारून वहीत उतरवून घ्या.