लहान अंगणासाठी झाडाची निवड
(इयत्ता चौथी व पाचवी : परिसर अभ्यास आणि गणित यांचा जोडपाठ)

कन्हैयालाल मुनशी हे केंद्रीय अन्न व कृषिमंत्री असताना १९५० सालच्या जुलै महिन्यात देशात वनमहोत्सवास प्रारंभ झाला. तेव्हापासून पावसाळा आला की शाळाशाळांतून रोपे लावली जातात. त्यांतील पुष्कळशी पहिल्याच उन्हाळ्यात वाळतात आणि पुढील वर्षी त्याच खड्ड्यात नवे रोप लागते. जी जगतात, त्यांपैकी काही दहापंधरा वर्षांनी भिंतीस तडा गेला किंवा फांद्या विजेच्या तारांना लागल्या म्हणून तोडावी लागतात. ज्या मुलांनी रोपास पाणी घातले, त्यांच्याच धाकट्या भावंडांसमोर ते झाड आडवे होते. झाड लावणे हा एका दिवसाचा समारंभ होय, असा विपरीत संस्कार त्यातून घडतो. या दोन्ही हानींचे मूळ बहुधा एकच असते : मिळेल ते रोप, मिळेल त्या जागी लावले जाते. झाड निवडावे कसे, हे मुलांना प्रत्यक्ष कृतीतून शिकविणे हा या पाठाचा हेतू आहे.

पूर्वतयारी

सुंभाची लांब दोरी, दोन खुंट्या, मोजपट्टी, थोडी राख किंवा चुना आणि चौकटीची वही एवढे साहित्य पुरते. पाठ जून महिन्यात, रोपे येण्यापूर्वी घ्यावा. रोप हाती आल्यावर निवडीस अर्थ उरत नाही.

पायरी पहिली : अंगणाचा नकाशा

मुलांनी गटागटाने अंगण मोजावे. १ मीटरला १ सेंटिमीटर हे प्रमाण धरून वहीत नकाशा काढावा व त्यावर दिशा दाखवाव्यात. इमारत, पाण्याची टाकी, शौचालयाचा खड्डा, विजेच्या तारा, ध्वजस्तंभ, फाटक व परिपाठाची जागा यांची नोंद करावी. सकाळी आठ, दुपारी बारा व तीन या वेळी भिंतीची सावली कोठे पडते, हेही पाहावे. दुपारचे ऊन पश्चिमेकडून वर्गात येत असेल, तर सावलीचे झाड त्याच बाजूस हवे, हे मुलांना या निरीक्षणावरून स्वतःच उमगते.

पायरी दुसरी : दोरीचे झाड

हा पाठाचा गाभा आहे. हातभर रोपाकडे पाहून मुलांना, आणि मोठ्यांनाही, त्याच्या पूर्ण वाढीची कल्पना येत नाही. म्हणून आधी गावातील जुन्या झाडांकडे जावे. भर दुपारी बुंध्यापासून सावलीच्या कडेपर्यंतचे अंतर मोजावे व झाडाच्या नावापुढे लिहावे. शाळेत परतल्यावर नियोजित जागी खुंटी ठोकून तेवढ्याच लांबीच्या दोरीने राखेचे वर्तुळ आखावे. वर्तुळाच्या कडेवर मुलांना उभे करावे. एखादा मुलगा भिंतीला टेकला किंवा टाकीवर आदळला, तर ते झाड त्या जागेचे नव्हे, हे निराळे सांगावे लागत नाही.

उदाहरणार्थ, अंगण १२ मीटर लांब व ९ मीटर रुंद आहे. कडुनिंबाची सावली बुंध्यापासून ५ मीटर भरली, तर वर्तुळाचा व्यास १० मीटर होतो. तो अंगणाच्या रुंदीत मावत नाही. सीताफळाची सावली २ मीटर भरली, तर व्यास ४ मीटर होतो. ते एका कोपऱ्यात बसते आणि खेळावयास जागाही उरते.

पायरी तिसरी : झाडांचे गुणदोष

वड, पिंपळ व उंबर यांची मुळे भिंतीत व पायात शिरतात. कडुनिंब व करंज हे उत्तम छायावृक्ष असले तरी त्यांना विस्तार लागतो. ही झाडे गायरानात, तळ्याकाठी किंवा रस्त्याच्या कडेला शोभतात. गुलमोहर मूळचा मादागास्करचा. त्याची मुळे उथळ व फांद्या ठिसूळ असतात. शिवाय ऐन उन्हाळ्यात, सावली हवी तेव्हाच तो निष्पर्ण होतो. पर्णहीनतेचा हा दोष बहाव्यातही आहे. तेव्हा तो शोभेसाठी लावावा, सावलीसाठी नव्हे.

बकुळ सदाहरित असून तिची छाया दाट असते. वाढ मात्र फार मंद असते, म्हणून धीर हवा. आपटा लहान चणीचा व काटक आहे. कमी पावसाच्या गावी तो तग धरतो. दसऱ्यास मुले त्याला ओरबाडणार नाहीत, एवढे पाहावे. सीताफळाचा पाला शेळ्या खात नाहीत, म्हणून कुंपण नसलेल्या शाळेस ते सोयीचे. पारिजातक फाटकापाशी लावावा. त्याची फुले रात्री उमलतात आणि सकाळी मुले येतात तेव्हा सडा पडलेला असतो. शेवग्याच्या शेंगा व पाला शालेय पोषण आहारास उपयोगी पडतात, परंतु त्याची फांदी मुलाच्या भाराने सहज मोडते आणि पावसाळ्यात खोडावर केसाळ सुरवंट येतात. तो परसबागेत असावा, खेळाच्या जागी नसावा.

बिट्टी म्हणजे पिवळी कण्हेर, चंद्रज्योत व एरंड यांच्या बिया विषारी असतात. लहान मुले खेळताना त्या तोंडात घालतात. प्राथमिक शाळेच्या आवारात ही झाडे मुळीच असू नयेत. असल्यास ग्रामपंचायतीच्या साहाय्याने काढून टाकावीत.

पायरी चौथी : पाण्याचा हिशेब

खड्डा ६० सेंटिमीटर लांब, रुंद व खोल घ्यावा. त्याचे घनफळ २,१६,००० घन सेंटिमीटर, म्हणजे २१६ लिटर, हे पाचवीच्या मुलांनी काढावे. त्यानंतर सुट्टीचा विचार करावा. रोपाचा खरा परीक्षाकाळ उन्हाळी सुट्टीत असतो, कारण तेव्हा शाळा बंद असते. आठवड्यातून दोनदा १० लिटर याप्रमाणे सहा आठवड्यांस १२० लिटर पाणी लागते. टंचाईच्या गावीही एवढे पाणी जमू शकते. अडते ते पाळी ठरलेली नसल्यामुळे. म्हणून शाळेजवळ राहणाऱ्या मुलांची नावे वारानुसार लिहून यादी फळ्याशेजारी लावावी व एक प्रत पालकांना द्यावी. तळाशी बारीक छिद्र पाडून त्यात सुती वात घातलेले मडके रोपापासून वीतभर अंतरावर पुरल्यास पाणी सावकाश मुळांशी झिरपते व वाया जात नाही.

निर्णय

शेवटी प्रत्येक गटाने आपले झाड, त्याची जागा व कारणे वर्गापुढे मांडावीत. शिक्षकाने निर्णय आधी सांगू नये, चूक दिसल्यास पुन्हा दोरी हाती द्यावी. अंगण फारच अरुंद असेल, तर आत एकही झाड न लावता रस्त्याच्या कडेला एक कडुनिंब जोपासणे हाही योग्य निर्णय होय. पाच रोपे लावून पाचही गमावण्यापेक्षा एक झाड जगविलेले बरे.

स्वाध्याय

१. तुमच्या घराजवळील तीन झाडांची सावली दुपारी मोजा व नावांसह तक्ता करा.
२. उन्हाळ्यात कोणत्या झाडांची पाने गळतात व कोणती हिरवी राहतात, ते लिहा.
३. गावात तोडलेल्या एखाद्या झाडाविषयी वडीलधाऱ्यांना विचारा : ते का तोडावे लागले? ते कोठे लावले असते तर वाचले असते?